उंबरठ्याच्या आत आलेली सत्ता

राजकीय दडपशाहीचा हिशेब बहुधा अटक झालेल्यांची संख्या, चाललेले खटले आणि भोगलेली शिक्षा यांवरून मांडला जातो, कारण पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तीन यंत्रणांच्या दप्तरांत तेवढेच उतरते. माणसाला घरातून नेल्यानंतर त्याच्या मागे काय घडते, त्या महिन्याचे भाडे कोण भरतो, शाळेत मुलाला कोण काय विचारते, कोणते नातलग येणे थांबवतात आणि कोणते रात्री मागच्या दाराने येतात, याची नोंद कोणतेही सरकार ठेवत नाही. ही नोंद ठेवतात त्या घरातल्या बायका आणि मुले. ती पत्रांतून, आठवणींतून, पुढे कधीतरी एखाद्या कादंबरीतून किंवा चित्रपटातून बाहेर येते, आणि तोपर्यंत दडपणारी राजवट अनेकदा इतिहासजमा झालेली असते.

घर आणि सत्ता यांच्या या संबंधाची सर्वांत ठळक मांडणी विसाव्या शतकातील रशियन चित्रपटांत आढळते आणि त्यांतही ‘बर्न्ट बाय द सन’ या चित्रपटाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात १९३० मध्ये गवत कापल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली, आणि याच जिल्ह्याच्या ठिकाणी जानेवारी २०१९ मध्ये, ज्यांच्या वडिलांचा मृत्यू तुरुंगवासात जडलेल्या आजाराने झाला अशा एका लेखिकेला साहित्य संमेलनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेण्यात आले. दडपशाही घरात कशी शिरते, घर तिला कसे तोंड देते आणि घराची साक्ष ऐकण्याची समाजाची तयारी किती असते, हे तीन प्रश्न या दोन प्रसंगांना रशियातील त्या चित्रपटाशी जोडतात.

एका दिवसाचे घर

निकिता मिखाल्कोव्ह यांनी दिग्दर्शित केलेला ‘बर्न्ट बाय द सन’ १९९४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला त्या वर्षीच्या कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटासाठीचे ऑस्कर मिळाले. त्याचे जवळजवळ सारे कथानक १९३६ च्या उन्हाळ्यातील एका दिवसात आणि मॉस्कोबाहेरच्या एका घरात घडते. शहरातील सुखवस्तू रशियन कुटुंबे उन्हाळ्यात ज्या लाकडी घरात राहायला जातात त्याला दाचा म्हणतात. कर्नल कोतोव्ह हा क्रांतियुद्धात नाव कमावलेला सेनानी, त्याची तरुण पत्नी मारुस्या, सहा वर्षांची मुलगी नाद्या आणि पत्नीच्या माहेरची वडीलधारी माणसे अशा भरल्या घरात, अनेक वर्षे बेपत्ता असलेला मित्या हा जुना स्नेही सकाळीच येऊन दाखल होतो. तो एकेकाळी मारुस्याचा प्रियकर होता आणि तिच्या वडिलांचा शिष्यही होता. आता तो गुप्त पोलिसांचा अधिकारी आहे आणि संध्याकाळी येणाऱ्या काळ्या मोटारीत कोतोव्हला बसवून नेण्यासाठी आला आहे.

प्रेक्षकाला हे हळूहळू उमगत जाते, पण घरातल्या बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही. मित्या पियानो वाजवतो, जेवतो, नदीवर पोहायला जातो आणि नाद्याला एक परीकथा सांगतो. त्या कथेतली नावे त्याने उलटी केलेली असतात, पण तिच्यात त्याची स्वतःचीच फसवणूक सांगितलेली असते, आणि ती कोणाबद्दल आहे हे मारुस्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. कोतोव्हनेच दहा वर्षांपूर्वी मित्याला हेरगिरीच्या कामावर धाडून त्याचे प्रेम आणि त्याचे घर तोडलेले असते. म्हणजे आजचा बळी कालपर्यंत त्याच यंत्रणेचा कर्ता होता. दिग्दर्शकाने ही गुंतागुंत सोपी करून दाखवलेली नाही, आणि चित्रपटाची खरी ताकद तिथेच आहे. कोतोव्हची भूमिका मिखाल्कोव्ह यांनी स्वतः केली आहे आणि नाद्याची त्यांच्या सख्ख्या मुलीने, त्यामुळे नदीतल्या होडीत बाप आणि मुलगी एकमेकांशी बोलतात त्या दृश्यात अभिनयाची सीमा जवळजवळ पुसली जाते.

कोतोव्हला शेवटपर्यंत वाटत असते की स्टालिनला एक फोन केला की सारे निस्तरेल. घरातल्यांचा निरोप तो हसतमुखाने घेतो, नाद्या त्या मोटारीचे चाक धरून थोडे अंतर ती चालवल्याचा आनंद लुटते, आणि घरापासून दूर गेल्यावर मोटारीतच त्याला मारहाण सुरू होते. शेवटच्या पाट्यांवरून प्रेक्षकाला पुढचे कळते: कोतोव्हला त्याच ऑगस्टमध्ये गोळ्या घालण्यात आल्या, मारुस्या छावणीत १९४० मध्ये मरण पावली, आणि आईबरोबर पकडल्या गेलेल्या नाद्याला १९५६ मध्ये निर्दोष ठरवण्यात आले. पडद्यावर हिंसा फार थोडी दिसते. दिसते ते प्रामुख्याने नांदते घर, आणि ते मोडण्याची वेळ ठरलेली आहे हे माहीत असल्यामुळे त्यातली प्रत्येक क्षुल्लक गोष्ट प्रेक्षकाला जड वाटू लागते.

बायकामुलांसाठी वेगळा आदेश

चित्रपटातील कथा कल्पित असली तरी तिच्यामागची यंत्रणा कल्पित नव्हती. सोव्हिएत गुप्त पोलीस खात्याने १५ ऑगस्ट १९३७ रोजी क्रमांक ००४८६ चा आदेश काढला. ज्यांना ‘मातृभूमीचे द्रोही’ ठरवले गेले त्यांच्या पत्नींना पाच ते आठ वर्षे छावणीत पाठवावे, लहान मुलांना खात्याच्या अनाथालयांत ठेवावे आणि पंधरा वर्षांवरील जी मुले समाजाला धोकादायक वाटतील त्यांचा वेगळा निर्णय घ्यावा, असे त्यात नमूद होते. पत्नीने स्वतः काही केले आहे का, हा प्रश्नच त्या आदेशात गौण होता. नाते हाच गुन्हा होता. कझाकस्तानातील अकमोलिन्स्क शहराजवळ अशा पत्नींसाठी एक स्वतंत्र छावणीच उभी राहिली. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सरकारी कागदपत्रांनुसारच सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे अशी एकेक घरे होती.

माणूस नेल्यानंतर घराला माहिती मिळण्याची एकच वाट उरत असे आणि ती तुरुंगाच्या खिडकीपर्यंत जात असे. बाहेर स्त्रियांची रांग लागे, हातात थोडे पैसे किंवा कपड्यांचे गाठोडे असे, आणि खिडकीतल्या कारकुनाने ते घेतले म्हणजे माणूस त्या तुरुंगात आहे आणि जिवंत आहे एवढे कळे. घेतले नाही तर त्याला हलवले आहे किंवा तो उरलेला नाही, असा अर्थ काढावा लागे. अनेक कुटुंबांना ‘दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराचा हक्क नाही’ असे उत्तर मिळाले, आणि प्रत्यक्षात त्या माणसाला आधीच मारलेले होते हे त्यांना दशकांनंतर समजले. थोर कवयित्री आन्ना अख्मातोवा मुलाच्या अटकेनंतर लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर अशा रांगांत सतरा महिने उभ्या राहिल्या. त्या अनुभवातून रचलेले ‘रेक्विएम’ हे काव्य कागदावर ठेवणे जिवावर बेतणारे असल्यामुळे मैत्रिणींनी ते पाठ करून जपले. ते रशियात छापले जायला १९८७ साल उजाडावे लागले.

१९९४ च्या कान महोत्सवात ‘बर्न्ट बाय द सन’ला मिळालेला पुरस्कार झांग यिमू यांच्या ‘टू लिव्ह’ या चिनी चित्रपटाबरोबर विभागून देण्यात आला होता, ही गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या चित्रपटातही राजकीय मोहिमांचा तडाखा एका साध्या कुटुंबाच्या जन्म, लग्न आणि मृत्यूंमधून दाखवला आहे. साम्यवादी राजवट अनुभवलेल्या दोन मोठ्या देशांतले दिग्दर्शक एकाच वेळी घराच्या दारापाशी येऊन थांबले, कारण राजवटीने स्वतःच्या कामगिरीचे सारे चित्रण आपल्या हाती ठेवले होते, आणि तिच्या हाताबाहेर राहिलेला एकमेव पुरावा घरात होता.

वऱ्हाडातील रान आणि अकोल्याचा तुरुंग

वऱ्हाडातील अनुभवाची तुलना सोव्हिएत दहशतीशी करता येणार नाही. दोन्हींचे प्रमाण आणि क्रौर्य यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही सत्ता घरात कोणत्या मार्गाने शिरते, हे यवतमाळ जिल्ह्याच्या १९३० मधील इतिहासातून नेमके समजते.

महात्मा गांधींनी त्या वर्षी मिठाचा कायदा मोडला तेव्हा वऱ्हाडाला समुद्र नसल्यामुळे इथल्या नेत्यांनी जंगलाचा कायदा निवडला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात परवान्याशिवाय गुरे चारणे, गवत कापणे किंवा लाकूड तोडणे हा गुन्हा होता. सागाच्या जंगलांनी व्यापलेल्या पुसद, यवतमाळ, पांढरकवडा या भागांत हा कायदा शेतकऱ्याच्या आणि कोलाम, गोंड या आदिवासी समाजांच्या रोजच्या जगण्यावर येऊन आदळत असे, कारण बैलाचा चारा, चुलीचे सरपण आणि घराच्या कुडासाठी लागणारे लाकूड तिथूनच येई. चराईची फी, वनरक्षकाची मर्जी आणि कोंडवाड्यात अडकलेली गुरे सोडवण्याचा दंड यांतून सरकार गावकऱ्याला रोज भेटत असे. मूळचे वणीचे असलेले लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. पुढे राजकारणात परस्परांपासून दूर गेलेल्या प्रवाहांची माणसे त्या पावसाळ्यात एकाच कायद्याखाली आत गेली होती.

सत्याग्रह गवताच्या वाढीच्या मोसमात, म्हणजे जुलैत सुरू झाला, आणि घराच्या दृष्टीने यातली तारीख फार महत्त्वाची आहे. वऱ्हाडात जूनमध्ये कापूस आणि ज्वारी पेरली जाते. जुलै हा डवरणीचा आणि निंदणाचा महिना असतो, आणि या काळात शेतावरचा एक कर्ता पुरुष कमी झाला तर तणाने पीक दबते व त्याचा भार कार्तिकापर्यंत, कापसाच्या वेचणीपर्यंत, घराला वाहावा लागतो. सत्याग्रहीला झालेली सहा महिन्यांची शिक्षा त्याच्या घरासाठी एका अख्ख्या हंगामाची शिक्षा होती. तुरुंगात भेटीला जायचे तर यवतमाळहून अरुंद मापाच्या छोट्या रेल्वेने मूर्तिजापूर गाठायचे आणि तिथून मोठ्या गाडीने अकोल्याला जायचे, असा प्रवास होता. भाडे, शिदोरी आणि बुडालेला दिवस यांचा हिशेब ज्या घरात करावा लागे, त्या घराच्या लेखी भेट हीसुद्धा एक खर्चाची बाब होती. इतिहासाच्या पुस्तकांत या सत्याग्रहाचे नेते, तारखा आणि जथे आहेत. डवरणी कोणी केली हे त्यांत क्वचितच आढळते.

आनंद भवनातील चहाची वेळ

ज्या घरांना लिहिता येत होते आणि ज्यांच्यामागे प्रसिद्धी होती, त्यांच्याकडून मात्र ही नोंद तपशिलाने झाली आहे. जवाहरलाल नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित आणि रणजित सीताराम पंडित यांच्या तीन मुलींपैकी मधली नयनतारा सहगल यांनी १९५४ मध्ये ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ हे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. अलाहाबादच्या आनंद भवनात, म्हणजे नेहरूंच्या घरी, मुली चहाच्या वेळी चॉकलेट केक खात असताना पोलीस वडिलांना नेण्यासाठी आले, आणि ही घटना घरातल्या मोठ्यांनी मुलींना भीतीची नव्हे तर अभिमानाची म्हणून समजावली, असे त्यात येते. काँग्रेसच्या धोरणानुसार सत्याग्रही दंड भरत नसत, म्हणून दंडाच्या वसुलीसाठी पोलीस घरातले सामान उचलून नेत. जवाहरलाल नेहरू यांच्या आत्मचरित्रात या जप्तीचे वर्णन आहे, आणि सामान नेणाऱ्या पोलिसांवर चिडलेली चार वर्षांची इंदिराही त्यात आहे.

रणजित पंडित हे महाराष्ट्रीय कुटुंबातले, राजकोटला वाढलेले, व्यवसायाने बॅरिस्टर आणि वृत्तीने संस्कृतचे पंडित होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला, काश्मीरच्या राजांच्या उदयास्ताची ही कथा त्यांनी तुरुंगाच्या काळात सिद्ध केली होती. चौथ्या तुरुंगवासात त्यांची प्रकृती ढासळली आणि सुटकेनंतर लवकरच, १४ जानेवारी १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर विजयालक्ष्मींना दुसऱ्याच एका व्यवस्थेचा सामना करावा लागला. मृत्युपत्र नव्हते आणि मुलगा नव्हता, त्यामुळे हिंदू कुटुंबातील वारशाच्या तत्कालीन कायद्यानुसार पतीच्या मालमत्तेवरचा त्यांचा हक्क दिराकडून नाकारला गेला. परकीय सत्तेने सुरू केलेली झीज घरच्या कायद्याने अशी पूर्ण केली. राजकीय दडपणाने खिळखिळ्या झालेल्या घरात स्त्रीचे कायदेशीर स्थान कमकुवत असेल तर तिच्यावर दोन्हीकडून आघात होतो, हे पुढेही अनेकदा दिसले.

१९४२ मध्ये विजयालक्ष्मी, त्यांची थोरली मुलगी चंद्रलेखा आणि भाची इंदिरा या तिघी नैनी तुरुंगात एकाच वेळी होत्या. याच इंदिरा गांधी यांच्या सरकारने १९७५ मध्ये आणीबाणी लादली तेव्हा त्यांच्या आतेबहीण नयनतारा सहगल यांनी आणीबाणीविरुद्ध लिहिले आणि पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिच लाइक अस’ या कादंबरीत त्या काळाचे चित्र रेखाटले. या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘बर्न्ट बाय द सन’मध्ये अटक करायला येणारा माणूस घराच्या जेवणाच्या टेबलावर बसलेला असतो, इथे ज्या कुटुंबाने तुरुंग भोगला त्याच कुटुंबातल्या एका व्यक्तीच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या आल्या. दडपशाही बाहेरच्या कोणा परक्याकडूनच येते ही समजूत दोन्ही ठिकाणी खोटी ठरते.

स्थानबद्धतेचा कागद आणि घरखर्च

आणीबाणी २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झाली आणि एकवीस महिने टिकली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसांना पकडण्यात आले. मिसाखालची अटक ही स्थानबद्धता होती, म्हणजे गुन्हा सिद्ध न करता, पुढे काही घडू नये म्हणून माणसाला कोंडून ठेवणे. कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर स्थानबद्ध करण्याची कारणे सांगण्याचे बंधनही सरकारवर राहिले नाही. खटला नसल्यामुळे तारीख नव्हती, तारीख नसल्यामुळे सुटकेचा अंदाज नव्हता, आणि घरात सर्वांत मोठा प्रश्न हाच होता. तीन महिने काढायचे की तीन वर्षे, हे माहीत नसताना मुलीचे लग्न ठरवावे का, शेत बटाईने द्यावे का, दागिना मोडावा का, यांपैकी कोणताच निर्णय घेता येत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्ध, न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे एकट्याचे मत वेगळे होते. त्या निकालाने कुटुंबांसमोरचे शेवटचे दारही बंद झाले.

विदर्भातील अनेक स्थानबद्धांना नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले होते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे एसटीने जाऊन येण्यातच अख्खा दिवस जाणार, आणि त्यानंतर मिळणार ती पहाऱ्यातली मोजक्या मिनिटांची मुलाखत. पत्र लिहिले तर ते तपासणी होऊनच पोचणार, म्हणून घरातली खरी अडचण पत्रात लिहिली जात नसे आणि आतल्या माणसाचे आजारपणही. दोन्हीकडून सारे ठीक असल्याचे कळवले जाई, आणि दोन्हीकडच्यांना ते पुरते खरे नाही हेही ठाऊक असे. मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते येरवड्यात असताना या दांपत्याने एकमेकांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. पती आणि पत्नी दोघेही आत असतील तर घर तेवढ्यापुरते दोन तुरुंगांमधल्या टपालातच उरते, हे त्यांवरून समजते.

महाराष्ट्रात याच्या दहा वर्षे आधी घडलेला एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. साम्यवादी नेते प्रभाकर संझगिरी यांना १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध केले असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये न्यायालयाने ठरवले की स्थानबद्धतेच्या अटींत जी बंदी लिहिलेली नाही ती सरकारला लादता येणार नाही, म्हणून हस्तलिखित बाहेर जाऊ द्यावे. अणूविषयीच्या मजकुराने देशाच्या संरक्षणाला बाधा येत नव्हती; अडवले जात होते ते तुरुंग आणि घर यांच्यातले एक साधे देणेघेणे, आणि त्यासाठी देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ खर्च करावा लागला.

२०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणीबाणीतील बंदींसाठी मानधन सुरू केले. एक महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यास दरमहा १० हजार रुपये आणि त्याच्या पश्चात पत्नीस किंवा पतीस ५ हजार रुपये अशी तरतूद झाली. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ही योजना बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. योजनेच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात. पण एक गोष्ट तिच्या रचनेतच दिसते. तुरुंगातला माणूस हयात असेपर्यंत घराला स्वतंत्र हक्कदार मानलेले नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या पत्नीच्या वाट्याला निम्मी रक्कम येते. त्या एकवीस महिन्यांत चूल पेटती ठेवण्याचे काम अर्धे होते असे कोणी म्हणणार नाही, तरी सरकारी हिशेबात ते तसे उतरले.

पडद्यावर न दिसलेले घर

आणीबाणीनंतरच्या मराठी चित्रपटाने सत्ता चांगली ओळखली. जब्बार पटेल यांचा १९७९ चा ‘सिंहासन’ अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला असून त्यात मंत्रालय, वर्तमानपत्र आणि कामगार चळवळ यांच्यातील व्यवहार बारकाईने येतो. पण ज्याला नेले आहे त्याचे घर मराठी पडद्याने फारसे दाखवलेले नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ हा या बाबतीत सर्वांत विचार करायला लावणारा चित्रपट आहे. एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे यांना अटक होते आणि खटला रेंगाळत राहतो. कॅमेरा सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने त्यांच्या घरी जातो, स्वयंपाक आणि जेवण पाहतो. बचावाच्या वकिलाच्या आईवडिलांचे घर पाहतो. न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. आरोपीच्या घरात मात्र तो जवळजवळ जात नाही. शाहीराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. आरोपीच्या घराची ही अनुपस्थिती दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक योजलेली दिसते: न्यायव्यवस्थेतल्या प्रत्येकाला घर आहे, संध्याकाळ आहे, फक्त ज्याच्यावर खटला आहे त्याची संध्याकाळ कोणी विचारत नाही. ‘बर्न्ट बाय द सन’ जे घर दाखवून सांगतो, ते ‘कोर्ट’ घर न दाखवून सांगतो.

समता मैदान, जानेवारी २०१९

यवतमाळने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले होते. त्यानंतर ९२ वे संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात समता मैदानावर झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते उद्घाटन करण्याला स्थानिक पातळीवर विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि संमेलन काही दिवसांवर आले असताना आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला आणि अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख आणि अध्यक्ष अरुणा ढेरे या दोघांनीही व्यासपीठावरूनच या निर्णयावर स्पष्ट नापसंती व्यक्त केली. श्रोत्यांतील काही स्त्रियांनी सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून आपला निषेध नोंदवला.

सहगल यांचे भाषण आधीच लिहून पोचलेले होते आणि ते मराठीत येऊन सर्वदूर वाचले गेले. महाराष्ट्राशी असलेले आपले नाते त्यांनी त्यात वडिलांच्या द्वारे सांगितले होते: त्यांची संस्कृत विद्या, त्यांचे चार तुरुंगवास आणि त्यातून आलेला मृत्यू. वर्तमानात लेखक आणि कलावंतांवर येणाऱ्या दडपणाबद्दलची त्यांची चिंता याच कौटुंबिक पायावर उभी होती. वयाच्या ९१ व्या वर्षी एक लेखिका, वडिलांनी ज्या स्वातंत्र्यासाठी प्राण वेचले त्याबद्दल, वडिलांच्या महाराष्ट्रात बोलायला येणार होती. तिच्या राजकीय मतांशी असहमत होण्याचा हक्क प्रत्येकाला होता. पण ती साक्ष ऐकून घेण्याचे धैर्य संमेलनाने गमावले. भाषा हे दिलेले कारण टिकणारे नव्हते, कारण तिने ज्या अनुभवाबद्दल लिहिले होते तो अनुभव वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहींच्या घरांचाही होता.

उद्घाटन अखेर वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूर गावच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. शेतकरी विधवांच्या जगण्यावरील ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी भूमिकाही केली होती. कर्ज आणि नापिकी यांनी मोडलेले घर हे राजकीय कैद्याच्या घरासारखे नसते आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करून पहिला प्रश्न सुटत नाही. पण मागे राहिलेल्या बाईचे काय होते, या विषयावर त्या जे बोलल्या, त्याने सभामंडप स्तब्ध झाला होता. त्या व्यासपीठावर दोन्ही साक्षींना जागा होती. एकीला ती मिळाली आणि दुसरीला नाकारली गेली, ही त्या संमेलनाची न पुसली जाणारी बाजू आहे.

घराचे दप्तर

रशियात ‘बर्न्ट बाय द सन’सारखा चित्रपट होऊ शकला, कारण त्याआधी अख्मातोवांच्या मैत्रिणींनी ओळी पाठ केल्या होत्या आणि छावण्यांतून परतलेल्या स्त्रियांनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या. घरांनी जपलेले हे साहित्य नसते तर दिग्दर्शकाच्या हाती आदेशांचे क्रमांक तेवढे उरले असते. महाराष्ट्रात आणीबाणीतील नेत्यांच्या तुरुंगकथा पुष्कळ आहेत. कुमार सप्तर्षी यांचे ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ हे त्यांतले परिचित पुस्तक. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांचे दप्तर मात्र विखुरलेले आहे. तपासणीचे शिक्के असलेली पत्रे, भेटीच्या परवानग्या, त्या वर्षीची किराण्याची उधारी, शेत बटाईने दिल्याचे कागद, शाळेतून मागितलेली फीमाफी, हे सारे अनेक घरांच्या पेट्यांत पडून असते, आणि त्या काळात तिशीत असलेल्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत.

हे काम मोठ्या निधीवाचून होऊ शकते. जिल्ह्यातली सार्वजनिक ग्रंथालये, महाविद्यालयांचे इतिहास आणि मराठी विभाग, तसेच तालुक्याच्या ठिकाणची वाचनालये यांनी ही पत्रे पाहून त्यांच्या प्रती ठेवाव्यात आणि त्या स्त्रियांशी बोलून त्यांचे म्हणणे त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत नोंदवावे. यात पक्ष पाहण्याचे कारण नाही, कारण १९३० मध्ये आणि १९७५ मध्ये आत गेलेली माणसे वेगवेगळ्या विचारांची होती आणि बाहेर राहिलेल्यांची अडचण एकच होती. ज्या समाजाकडे ही नोंद असते त्याला पुढच्या वेळी स्थानबद्धतेचा कायदा सभागृहात आला की तो किती माणसांना कोंडेल यासोबत किती घरे मोडेल हेही विचारता येते. आणि ज्या समाजाकडे ती असते, तो अशा घरातून आलेल्या साक्षीदाराला निमंत्रण देऊन परत पाठवणार नाही.